व्हिक्टोरियन गेट लॉज: राहायचं राखणदारानं, दिसायचं पाहुण्याला

इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड किंवा आयर्लंडमध्ये गावाबाहेरच्या रस्त्यानं जाताना मधूनच एक वेगळंच घर दिसतं. असतं दोन-तीन खोल्यांचं, पण थाट मोठ्या हवेलीचा. उभट छप्पर, छपराच्या कडेला कोरीव लाकडी झालर, घराच्या मानानं फारच उंच धुराडं आणि रस्त्याच्या बाजूला पुढे काढलेली खिडकी. शेजारी दगडी खांब, लोखंडी फाटक. फाटकातून आत गेलेला रस्ता झाडीत वळतो आणि दिसेनासा होतो. हवेली कुठे आहे, किती लांब आहे, याचा काही पत्ता लागत नाही.

हे गेट लॉज. मोठ्या इस्टेटीच्या वेशीवर, फाटकाची राखण करणाऱ्या कुटुंबासाठी बांधलेलं घर. राणी व्हिक्टोरियाच्या काळात, म्हणजे १८३७ ते १९०१ या वर्षांत, अशी घरं त्या बेटांवर फार मोठ्या संख्येनं उभी राहिली. त्यांची वास्तुरचना समजून घ्यायची तर एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी लागते: घर आत राहणाऱ्याच्या सोयीचं असण्यापेक्षा बाहेरून येणाऱ्याच्या नजरेत भरणारं असावं, हा हिशेब इथे आधी मांडलेला असतो. ही एक किल्ली हाती आली की धुराड्याची उंची, खिडकीची जागा, मागच्या दाराचा कोपरा, सगळ्याचा अर्थ लागत जातो.

फाटकाशी माणूस ठेवण्याची पद्धत अर्थातच व्हिक्टोरियन नाही. आपल्या वाड्यात देवडी असते तशी व्यवस्था मध्ययुगीन इंग्लंडमध्येही होती. किल्ल्याचा किंवा गढीचा दरवाजा म्हणजे एक भक्कम इमारतच असायची. मधून वाट, दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या खोल्या, वर आणखी एक मजला. पुढे ट्यूडर राजघराण्याच्या काळात, म्हणजे साधारण सोळाव्या शतकात, अंतर्गत लढाया थांबल्या, तशी या दरवाजांची लढाऊ गरज सरली. बुरूज राहिले ते शोभेपुरते.

खरा बदल अठराव्या शतकात झाला. श्रीमंत जमीनदारांना हवेलीभोवती आखीवरेखीव बागा नकोशा झाल्या. त्याऐवजी नैसर्गिक वाटावीत अशी कुरणं, तळी आणि झाडांचे पुंजके यांची विस्तीर्ण ‘पार्क’ त्यांनी करून घेतली. हवेली त्या हिरवळीच्या ऐन मध्यावर आणि इस्टेटीची हद्द तिथून कितीतरी लांब. घराला चिकटून असलेलं फाटक मग हद्दीवर गेलं. हवेलीतल्या नोकरानं घंटा ऐकून धावत येऊन कुलूप काढावं, एवढं ते जवळ राहिलं नाही. टेलिफोन तर नव्हताच. म्हणजे फाटकापाशी कोणीतरी रात्रंदिवस राहायला हवं आणि राहायचं तर घर हवं. देवडी दरवाजाच्या पोटात असते. गेट लॉज दरवाजापासून सुटून स्वतंत्र उभं राहिलं, ते या अंतरामुळे.

सुरुवातीची लॉजेस बहुधा जोडीनं बांधली जात. फाटकाच्या डावीकडे एक, उजवीकडे एक, दोन्ही हुबेहूब सारखी. अभिजात ग्रीक-रोमन शैलीत डावं-उजवं जुळणं महत्त्वाचं असतं आणि समोरून पाहणाऱ्याला ते फार देखणं दिसतं. पण यातली एकेक लॉज म्हणजे जेमतेम एक खोली. कुटुंब एकच असलं तर स्वयंपाक आणि जेवण एका बाजूला, झोपणं दुसऱ्या बाजूला आणि मध्ये गाड्यांचा रस्ता! पाऊस असो, बर्फ असो, पोरांना झोपवायला आईनं रस्ता ओलांडून जायचं. वास्तुकलेतला समतोल राखायला एका कुटुंबाचा संसार दोन तुकड्यांत कापलेला होता, असं म्हटलं तर चुकीचं होणार नाही. व्हिक्टोरियन काळात ही जोडी मागे पडली आणि एका बाजूला एकच, जरा मोठं, वेडंवाकडं आणि म्हणून ‘चित्रासारखं’ घर बांधण्याची चाल रुळली. त्यात राहणाऱ्याची सोय झाली खरी, पण बदल झाला तो मुख्यतः आवड बदलल्यामुळे.

या घरात राहायचं कोण? पुष्कळदा नवरा इस्टेटीवर माळी, गाडीवान किंवा रानाचा राखणदार म्हणून कामाला असे आणि फाटक सांभाळायची त्याची बायको. गाडीची चाहूल लागली की हातातलं काम टाकून बाहेर यायचं, फाटक उघडायचं, पाहुणा आत गेला की बंद करायचं. रात्री उशिरा परतणाऱ्या मालकासाठीही उठायचं. कधी इस्टेटीवरच्या मयत नोकराच्या विधवेला ही जागा मिळे. घर बिनभाड्याचं, पण नोकरीला बांधलेलं. नोकरी गेली की घर गेलं. लॉजच्या कोरीव छपराचं कौतुक करताना ही बाजू नजरेआड होऊ नये असं मला मनापासून वाटतं. त्या दाराशी उभ्या असलेल्या बाईला त्या सौंदर्याचा उपयोग किती, हा प्रश्न रास्त आहे.

आता घराची आखणी पाहू. साध्या लॉजमध्ये एक बैठकीची खोली असते. तिथेच चूल, तिथेच जेवण. मागे भांडी-कपडे धुण्याची मोरीसारखी छोटी खोली आणि एक किंवा दोन निजायच्या खोल्या. जागा वाढवायची असेल तर छपराच्या पोटात माळा काढून तिथे निजायची सोय करत. उभट छपराचा हा मोठा फायदा. बाहेरून घर एकमजली, बुटकं आणि गोंडस दिसतं, आत मात्र दीड मजल्याची जागा मिळते. अर्थात माळ्यावर दोन्ही बाजूंनी वासे खाली उतरत आलेले, त्यामुळे सरळ उभं राहायचं तर खोलीच्या मध्यावरच.

बैठकीच्या खोलीची जागा ठरते फाटकावरून. तिची खिडकी भिंतीतून बाहेर, तीन अंगांची काढलेली असते. समोरची काच फाटकाकडे, बाजूच्या दोन काचा रस्त्याच्या दोन दिशांना. आतली बाई शिवणकाम करत बसली असली तरी मान वळवली की गाडी कुठून येतेय ते तिला दिसावं, ही योजना. टोलनाक्यांची घरंही अशीच असत. इंग्लंडमधल्या पथकराच्या रस्त्यांवर अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जी नाकेघरं होती, त्यांचा रस्त्याकडचा भाग अनेकदा अष्टकोनाच्या अर्ध्या तुकड्यासारखा असे, तोही याच कारणासाठी. पाहण्याची ही खिडकी दिसण्याचीही खिडकी होती. म्हणून तिला स्वतःचं छोटं छप्पर, दगडी चौकट आणि कधी वर मालकाच्या घराण्याचं चिन्ह असा साज चढवलेला असे.

दर्शनी बाजूला एवढं सगळं मांडल्यावर संसाराचा पसारा जायचा कुठे? मागे. घराची मागची बाजू बहुतेक ठिकाणी उंच भिंतीनं किंवा दाट कुंपणानं झाकलेली असते. संडास, कोळशाची खोली, धुतलेले कपडे वाळत घालायची दोरी, सगळं त्या झाकल्या अंगणात. येणाऱ्या पाहुण्याला राखणदाराच्या घरचे पोतेरे आणि पोरांचे लंगोट दिसू नयेत याची काळजी आराखड्यातच घेतलेली असे. एखाद्या लॉजभोवती नीट फेरी मारली तर हा फरक लगेच जाणवतो. रस्त्याकडची भिंत घडीव दगडाची, मागची साध्या ओबडधोबड दगडाची किंवा हलक्या विटेची. पैसा कुठवर पोचला आणि कुठे थांबला, हे भिंतीच्या कोपऱ्यावरच समजतं.

शैलीचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे, पण सगळ्यात मनोरंजकही तेच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज रसिकांना ‘पिक्चरेस्क’चं वेड लागलं होतं. निसर्गदृश्याच्या चित्रात जसं एखादं वाकडंतिकडं, वेलींनी झाकलेलं झोपडं शोभून दिसतं, तसं आपल्या इस्टेटीवरही असावं, ही कल्पना. जॉन नॅश या वास्तुकारानं १८११ च्या सुमारास ब्रिस्टलजवळ ब्लेझ हॅम्लेट नावाची नऊ झोपड्यांची वाडीच रचली. प्रत्येक घर निराळं, प्रत्येकाचं धुराडं निराळं. त्यानंतर नमुन्यांच्या पुस्तकांचा सुकाळ झाला. जॉन क्लॉडियस लाउडन यांनी १८३३ मध्ये झोपडी, शेतघर आणि बंगल्यांच्या वास्तुरचनेचा जो भलाथोरला कोश काढला, त्यात असे आराखडे भरभरून होते. जमीनदारानं पुस्तक चाळायचं, बोट ठेवायचं आणि गावच्या गवंड्याकडून बांधून घ्यायचं, असाही मार्ग खुला झाला.

त्यामुळे व्हिक्टोरिया गादीवर आली तेव्हा लॉजसाठी शैलींचं मोठं दुकानच मांडलेलं होतं. गॉथिक म्हणजे टोकदार कमानी आणि चर्चची आठवण करून देणाऱ्या खिडक्या. ट्यूडर म्हणजे उंच वळणदार धुराडी, त्रिकोणी डोक्याच्या भिंती आणि खिडक्यांमध्ये दगडी उभ्या पट्ट्या. इटालियन म्हणजे उतरतं छप्पर, रुंद वळचण आणि कडेला एक चौकोनी मनोरा. स्कॉटलंडमध्ये टोकदार टोप्या घातलेले गोल बुरूज. ‘स्विस’ म्हणजे लाकडी गॅलरी. मुख्य हवेली एका शैलीत आणि लॉज भलत्याच शैलीत असंही चाले, पण जाणत्या वास्तुकारांना ते रुचत नसे. त्यांच्या मते लॉजनं हवेलीची ओळख आधीच करून द्यायला हवी. गॉथिक हवेलीला गॉथिक लॉज, म्हणजे पाहुण्याच्या मनाची तयारी वेशीवरच होते.

याच काळात बांधकामही स्वस्त होत गेलं आणि हे कारण लोक सहसा विसरतात. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला, विटेवरचा १८५० मध्ये आणि खिडक्यांवरचा १८५१ मध्ये. होय, घराला किती खिडक्या यावर इंग्लंडमध्ये दीडशेहून जास्त वर्षं कर होता! शिवाय रेल्वे आली. वेल्सच्या खाणींमधली छपरावर घालायची पातळ, हलकी स्लेट (पाटीचा दगड) आणि स्टॅफर्डशरची कौलं देशभर स्वस्तात पोचू लागली. पूर्वी गवंडी आसपास जे मिळेल त्यातच बांधत असे. आता इस्टेटीच्या मालकाला दूरच्या प्रांतातली लाल वीट आणि त्याहून दूरची निळसर स्लेट एकाच घरावर लावता येऊ लागली. भिंतीत लाल विटांमध्ये पिवळ्या किंवा काळ्या विटांचे पट्टे काढण्याची जी फॅशन १८५०च्या दशकात आली, ती या सोयीवरच पोसली.

थोडं बारकाव्यांकडे येऊ. उभट छपराची दोन पाखी जिथे भिंतीवर येऊन टेकतात, तिथे भिंतीला त्रिकोणी डोकं तयार होतं. त्याला गेबल म्हणतात. या त्रिकोणाच्या कडेला छपराच्या लाकडांची टोकं उघडी पडतात आणि पावसानं कुजतात. ती झाकायला एक फळी मारतात. कामाची एवढीच, पण समोरून येणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते. म्हणून व्हिक्टोरियन सुतारानं ती फळी कापून तिच्यात पानं, कमानी, थेंबांसारखे लोंबते नक्षीकाम काढलं. करवतीची यंत्रं आल्यावर हे काम आणखी सोपं झालं. आढ्यावर दातेरी कौलांची ओळ आणि त्रिकोणाच्या शेंड्यावर लाकडी किंवा लोखंडी शूळ, हा त्याचाच पुढचा साज.

धुराड्याचं तसंच. चुलीतला धूर नीट ओढला जायला धुराडं आढ्याच्या वर काही फूट गेलं तरी पुरतं. लॉजवर मात्र ते पुष्कळ उंच नेतात. एक तर घर बुटकं असल्यामुळे झाडीतून लांबून दिसायला काहीतरी उभं हवं. दुसरं असं की ट्यूडर काळात विटांची उंच धुराडी श्रीमंतीची खूण होती आणि ती आठवण व्हिक्टोरियन लोकांना हवीहवीशी होती.

फाटकांची घरं फक्त जमीनदारांपुरती राहिली नाहीत. औद्योगिक शहरं वाढली, तशी नगरपालिकांनी सार्वजनिक बागा काढल्या आणि जमीनदारी पार्कचं सगळं व्याकरण तिथे उचललं. लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीपलीकडे बर्कनहेड पार्क १८४७ मध्ये खुलं झालं. आखणी जोसेफ पॅक्स्टन यांची, ज्यांनी पुढे लंडनमधल्या १८५१च्या मोठ्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस हे काचेचं दालन बांधलं. या बागेच्या दारांवर वेगवेगळ्या शैलींतली लॉजेस आहेत: एक गॉथिक, एक इटालियन, एक किल्ल्यासारखं कंगोऱ्यांचं आणि मुख्य प्रवेशाला भव्य आयोनिक (प्राचीन ग्रीक धाटणीच्या) खांबांची कमान. गोदीत राबणाऱ्या कामगारानंही लॉर्डासारखं फाटकातून प्रवेश करावा, ही त्यामागची भावना मला मोठी वाटते. स्मशानभूमीनंही हाच मार्ग धरला. लंडनच्या स्टोक न्यूइंग्टन भागातल्या ॲबनी पार्क दफनभूमीचं १८४० मधलं प्रवेशद्वार आणि लॉजेस चक्क प्राचीन इजिप्तच्या धाटणीची आहेत. वास्तुकार विल्यम होस्किंग. ‘माणसाच्या मर्त्य भागाच्या निवासाची द्वारं’ अशा अर्थाचा मजकूर तिथे चित्रलिपीत कोरलेला आहे.

पण एकच लॉज निवडून सांगायचं तर मी क्यूचं सांगेन.

लंडनच्या नैर्ऋत्येला क्यू इथे जगप्रसिद्ध वनस्पती उद्यान आहे. तिथल्या टेम्परेट हाउस या प्रचंड काचघराचा मुख्य भाग १८६३ मध्ये खुला झाला. (आपल्या भायखळ्याची राणीची बाग १८६२ ची, म्हणजे जवळजवळ जुळी भावंडंच.) या काचघराजवळ, क्यू रोडच्या कडेला, १८६६-६७ मध्ये एक छोटं लॉज बांधलं गेलं. नाव टेम्परेट हाउस लॉज. वास्तुकार विल्यम ईडन नेसफील्ड, वय तेव्हा तिशीच्या आतबाहेर. त्यांचे वडील विल्यम अँड्र्यूज नेसफील्ड हे नामवंत उद्यानरचनाकार आणि क्यूच्या बागेतले, झाडांच्या रांगांमधून नजर दूरवर नेणारे लांबच लांब दृश्यपट्टे त्यांनीच आखलेले. वडिलांनी बाग आखली, मुलानं तिच्या कडेला घर बांधलं.

हे लॉज बघायला गेलं तर साधं आहे. जवळजवळ चौकोनी, लाल विटांचं, एकमजली. वर उभट, पिरॅमिडसारखं चारी बाजूंनी वर चढत जाणारं छप्पर. छपरात माळ्याच्या खिडक्या, त्यांच्या डोक्यावर अभिजात धाटणीचे छोटे मुकुट. भिंतींवर विटांचेच चपटे खांब उठवलेले. आणि सगळ्या रचनेच्या ऐन मध्यातून, छपराचं टोक फोडून वर आलेलं भलं दणकट विटांचं धुराडं. बस एवढंच. कोरीव झालर नाही, टोकदार कमान नाही, बुरूज नाही.

मग एवढं कौतुक कशाचं? १८६६ सालचं वातावरण लक्षात घ्यावं लागेल. त्या वेळी इंग्लंडमध्ये गॉथिकचा दरारा होता. वास्तुकार ऑगस्टस प्युजिन आणि कलासमीक्षक जॉन रस्किन यांच्या लिखाणामुळे टोकदार कमान ही प्रामाणिकपणाची, धर्मनिष्ठेचीच खूण होऊन बसली होती. आपल्या मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून काढला तो याच गॉथिकच्या भरात. गॉथिकवाल्यांच्या दृष्टीनं सतराव्या-अठराव्या शतकातली इंग्लंडमधली विटांची घरं म्हणजे कंटाळवाणा, खालच्या दर्जाचा काळ. नेसफील्डनं नेमकी तीच घरं जवळ केली. त्यातलं एक तर त्याच बागेत उभं होतं: १६३१ चा क्यू राजवाडा, एका व्यापाऱ्यानं बांधलेलं लाल विटांचं टुमदार घर.

विटेचं काम जवळून पाहिलं की या शैलीचं मर्म कळतं. साधी भाजलेली वीट थोडी वाकडी, कोपरे बोथट. तिच्या दरजा (दोन विटांमधले सांधे) जाड ठेवाव्या लागतात, म्हणजे फरक झाकला जातो. पण बारीक रेतीची, मऊ भाजलेली एक खास वीट असते. ती दगडावर घासून, करवतीनं कापून हवा तो आकार देता येतो. कमानीचे तुकडे, खांबाची गोलाई, कंगोऱ्याची नागमोडी धार, सगळं विटेतच घडवायचं आणि मग चाळलेल्या चुन्याच्या लोण्यासारख्या लगद्यात दोन मिलिमीटरहूनही पातळ दरज ठेवून बसवायचं. दुरून पाहिलं तर भिंत लाल दगडात कोरल्यासारखी दिसते. हे कसब सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये बहराला आलं होतं आणि नंतर मागे पडलं होतं. नेसफील्ड आणि त्याच्या बरोबरीच्या तरुणांनी ते पुन्हा वर काढलं. इथे शोभा वरून चिकटवलेली नाही. ज्या वस्तूनं भिंत उभी राहिली, तिच्यातच ती घडवलेली आहे.

या शैलीला पुढे ‘क्वीन ॲन’ असं नाव पडलं. राणी ॲनचं राज्य १७०२ ते १७१४ या काळातलं. पण शैलीत सतराव्या शतकाचंही बरंच, हॉलंडचं थोडं आणि नेसफील्डच्या बाबतीत जपानचंही काही आलं. जपानी कलेतली गोल चिन्हं त्याला इतकी आवडत की आपल्या अनेक इमारतींवर त्यानं ती विखुरली. त्याच्याच जोडीला सूर्यफूल. वेल्समध्ये किनमेल इथे १८६८ मध्ये त्यानं आणखी एक लॉज केलं, तिथे अशी फुलं पाहायला मिळतात.

नेसफील्डच्या कचेरीत त्याचा साथीदार होता रिचर्ड नॉर्मन शॉ. काही वर्षं दोघं भागीदारही होते. शॉनं हीच भाषा मोठ्या इमारतींत नेली. केन्सिंग्टनमधलं त्याचं लोथर लॉज आज रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचं घर आहे. नाव लॉज असलं तरी तो राजवाड्यासारखा प्रासाद आहे. १८७५ पासून लंडनच्या पश्चिमेला बेडफर्ड पार्क ही मध्यमवर्गीयांची वसाहत उभी राहू लागली आणि १८७७ पासून शॉ तिथली घरं काढू लागला: लाल वीट, उभी छपरं, पांढऱ्या रंगाच्या लाकडी खिडक्या. पुढच्या पन्नास वर्षांत इंग्लंडच्या उपनगरांत जी लक्षावधी घरं झाली, त्यांच्या चेहऱ्यात याची छटा आहे. म्हणजे बागेच्या फाटकावरच्या एका छोट्या लॉजमध्ये करून पाहिलेली गोष्ट दहा-पंधरा वर्षांत मोठ्या शहराच्या रस्त्यावर आली.

आणि असं लॉजमध्येच का झालं, यालाही कारण आहे. लाखो पौंडांच्या हवेलीवर मालक नव्या कल्पनेचा धोका पत्करत नाही. लॉज छोटं, खर्च कमी, पसंत नाही पडलं तर नुकसान मर्यादित. शिवाय त्याची चारी अंगं मोकळी असतात आणि ते येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. तरुण वास्तुकाराला आपली कल्पना पूर्णपणे, दुसऱ्या इमारतीशी जुळवून न घेता मांडायची याहून चांगली संधी मिळत नसे. वास्तुकलेच्या इतिहासात चर्च आणि राजवाड्यांना पानंच्या पानं मिळतात. लॉजला एखादी ओळ मिळते. मला हे अन्यायाचं वाटतं.

पहिल्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. वारसा कर वाढले, नोकर मिळेनासे झाले, कित्येक इस्टेटी तुकड्यातुकड्यांनी विकल्या गेल्या. हवेल्या पाडल्या गेल्या, पण रस्त्याकडचं लॉज कोणाच्या तरी राहण्याच्या उपयोगाचं होतं, म्हणून वाचलं. त्यामुळेच आज अनेक ठिकाणी फाटक आहे, लॉज आहे आणि आत मोकळं शेत किंवा गोल्फचं मैदान. दुसरीकडे मोटारी आल्या. घोडागाडीच्या मापाची फाटकं अपुरी पडली, रस्ते रुंद झाले आणि लॉजच्या खिडकीपासून हातभर अंतरावरून ट्रक धावू लागले.

अशा घरांची डागडुजी नाजूक काम आहे. सगळ्यात मोठा घात सिमेंट करतं. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते आणि तिच्यात ओल शिरते तशी दरजांमधून बाहेरही पडते. वरून सिमेंटच्या कडक दरजा भरल्या की ओलीला वाट उरत नाही. ती विटेतून बाहेर पडू पाहते, थंडीत गोठते, फुगते आणि विटेचा चेहराच सोलून निघतो. घासून घडवलेली मऊ वीट तर याला लगेच बळी पडते. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या बाबतीतही जाणते गवंडी हेच सांगतात: चुन्याच्या कामाला चुनाच लावा. दुसरा त्रास उंच धुराड्याचा. चूल बंद झाली, धुराडं थंड पडलं आणि वरचं तोंड उघडंच राहिलं की पाऊस सरळ घराच्या मधोमध उतरतो. तोंड पुरतं लिंपून टाकलं तर आतली हवा कोंडून ओल धरते. म्हणून वर टोपी बसवायची आणि वाऱ्याला बारीक वाट ठेवायची.

उरतो जागेचा प्रश्न. दोन-तीन खोल्यांच्या घरात आजचं कुटुंब मावत नाही. ब्रिटनमध्ये १९४७ च्या नगररचना कायद्यापासून महत्त्वाच्या जुन्या इमारतींची सरकारी यादी होते आणि यादीतल्या घरात मोडतोड किंवा वाढ करायला परवानगी काढावी लागते. लॉजच्या बाबतीत स्थानिक अधिकारी सहसा एकाच बाजूनं वाढीला राजी होतात. रस्त्याकडून नाही, फाटकाकडून नाही. मागे, जिथे कोळशाची खोली आणि कपड्यांची दोरी होती, तिथे नवं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर निघतं, तेही छपराची उंची मूळ आढ्याच्या खाली ठेवून. लॉज विकत घेण्याचा विचार करणाऱ्यानं म्हणूनच दर्शनी खिडकी नंतर पाहावी, आधी मागे जाऊन अंगण किती मोठं आहे ते पाहावं.